एलादियाशी लग्न न झाल्याचा दाखला

लग्न झालंय हे दाखवायला माणसाकडे पुष्कळ काही असतं. बायको असते, सासुरवाडी असते, भिंतीवर फोटो असतो, आणि यातलं काही जवळ नसलं तरी नुसता चेहरा पुरतो. पण लग्न झालेलं नाही हे दाखवायचं म्हटलं तर काय पुढे करायचं? बासिलिओ इन्सफ्रान एकोणपन्नास वर्षांचा होईपर्यंत या विषयावर कोणी त्याच्याशी हुज्जत घातली नव्हती. तो एकटा राहतो, स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करतो आणि रविवारी शेजारणीकडे जेवतो, हे सांता लिब्राडा गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. स्पेनच्या सरकारला मात्र ठाऊक नव्हतं, आणि एलादिया स्पेनमध्ये होती.

एलादिया बारा वर्षांपूर्वी मालागा शहरात म्हातारी माणसं सांभाळायला गेली. त्या काळी पॅराग्वेतल्या निम्म्या गावांतल्या बायका गेल्या तशीच. दोन वर्षांत येते म्हणाली होती. मग एक म्हातारी वारली, दुसरी मिळाली, दुसरी वारायचं नावच घेईना, आणि बासिलिओ पतपेढीच्या रोखपालाच्या काचेमागे बसून दर रविवारी फोन करत राहिला. शेवटी एका रविवारी त्यानं घसा साफ करून विचारलं, "मीच तिकडे येऊ का?"

"लग्न करायला?" एलादियानं विचारलं.

"म्हणजे... तिकडे आल्यावर वेळ मिळाला तर."

"ये," ती म्हणाली. "पण अविवाहित असल्याचा दाखला घेऊन ये. शिक्क्यांसकट."

मालागाच्या नोंदणी कचेरीनं तिला नोव्हेंबरमधली तारीख दिली होती. ही हुकली तर पुढची कधी मिळेल ते सांगायला तिथला माणूस तयार नव्हता, आणि एलादियाला बारा वर्षं पुरे झाली होती. तसं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "या खेपेला उशीर करू नकोस." बासिलिओला त्यातलं "या खेपेला" रात्रंदिवस टोचत राहिलं.

दाखल्याची रीत एलादियानं फोनवर समजावून दिली होती. दोन साक्षीदार गावच्या न्यायाधीशापुढे शपथेवर सांगणार की बासिलिओचं लग्न झालेलं नाही. न्यायाधीश तसं लिहून सही करणार. ती सही खरी आहे असं राजधानीतलं कोर्ट सांगणार. कोर्टाची सही खरी आहे असं परराष्ट्र खातं सांगणार आणि त्यावर अपोस्टिल नावाचा कागद चिकटवून देणार, म्हणजे मग तो दाखला परदेशात चालणार.

"आणि परराष्ट्र खातं खरं आहे हे कोण सांगणार?" बासिलिओनं विचारलं. रोखपालाला असे प्रश्न पडायचेच.

"तू ये आधी," एलादिया म्हणाली.

लग्नाला जन्मदाखलाही शिक्क्यांसकट लागत होता, आणि पहिला दगा त्यानंच दिला. खरं म्हणजे दगा शेजारच्या ब्राउलियाबाईंनी दिला, ज्यांना गाव मानानं न्या ब्राउलिया म्हणे, पण त्यांच्या हातचं तो जेवत असल्यामुळे तसं म्हणणं बरं दिसलं नसतं. न्या ब्राउलिया सत्तरीच्या, विधवा आणि गावातल्या सगळ्यांच्या कामांत वाकबगार. "असा उघडानागडा दाखला घेऊन बसनं आसुन्सिओनला जाणार?" त्या ओरडल्या. "शेजारी कोणी तेरेरेचा गार काढा पीत बसला आणि सांडला म्हणजे? माझ्या भाच्यानं सगळे कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतले. काय चकाकतात!" बासिलिओला चकाकण्याशी देणंघेणं नव्हतं, पण सांडलेल्या तेरेरेचं चित्र डोळ्यांपुढून हलेना. त्यानं जन्मदाखला लॅमिनेट करून घेतला, दोन्ही बाजूंनी, जाड प्लास्टिकचा.

राजधानीतल्या खिडकीवरच्या बाईनं त्यावर शिक्का मारला. शिक्का घसरला. पुन्हा मारला, पुन्हा घसरला. मग तिनं रुमालानं शाई पुसली आणि दाखला उन्हात धरून पाहिला.

"हा आता कागद राहिला नाही, काराई," आपण साहेब म्हणतो तशा मानानं ती म्हणाली. "यात फार तर चिपाचे पाव वाढून खाता येतील."

मागच्या रांगेतले लोक हसले. ज्या माणसाच्या आकड्यावर गावानं कधी शंका घेतली नाही, तो स्वतःच्या जन्माचा चकचकीत पुरावा काखेत मारून नव्या दाखल्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या रांगेला ऊन होतं. बासिलिओ घरी आला तेव्हा न्या ब्राउलियांनी विचारलं, "पण सांडलं नाही ना काही?" आणि त्याला नाही म्हणावं लागलं.

एवढं होऊनही साक्षीदार म्हणून त्यानं न्या ब्राउलियांनाच नेलं. नियमच तसा होता: साक्षीदार नात्यातला नको आणि लहानपणापासून ओळखणारा हवा. दुसरा साक्षीदार पाब्लिनो. पाब्लिनो गावचा खाटीक, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट, आणि त्याच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता बासिलिओच असल्यामुळे दोघं एकमेकांना कोंपादरे म्हणत.

गावची न्यायाधीश नवीन होती. जुने न्यायाधीश काराई सेवेरो गेल्या उन्हाळ्यात वारले आणि त्यांच्या खुर्चीवर फातिमा ओर्तेयादो नावाची तिशीतली बाई येऊन बसली. तिची पेन्सिल टोकदार असे, टेबल रिकामं असे, आणि हसण्यासारखं काही घडलं तर ती आधी खिडकीबाहेर बघून घेई. तिनं न्या ब्राउलियांना उभं केलं, शपथ दिली आणि विचारलं, "या माणसाला तुम्ही कधी लग्न करताना पाहिलंय?"

"पाहिलंय की," न्या ब्राउलिया म्हणाल्या. "दर वर्षी."

बासिलिओला वाटलं आपण ऐकलं ते खरं नसावं.

"न्या ब्राउलिया!"

"मग काय करू? देवाची शपथ घेतलीय मी. पाहिलेलं पाहिलं नाही म्हणू?"

पाब्लिनो पुढे सरसावला. "बाईसाहेब, ती सान हुआनची लग्नं. खोटी. जत्रेतली."

सान हुआनच्या जत्रेत खेडवळ लग्नाचं सोंग होतं हे न्यायाधीशबाईला सांगायची गरज नव्हती. तिच्याही गावात होई. नवरी पोटाशी उशी बांधून येते, नवरा पळ काढतो, नवरीचा बाप लाकडी बंदूक घेऊन त्याच्या मागे धावतो, न्यायाधीश दोघांना बांधून टाकतो, बोटात अंगठी म्हणून गोल चिपा घालतात आणि ती नवरी तिथंच खाऊन टाकते. मग लोक निखाऱ्यांवरून चालायच्या खेळाकडे वळतात. सांता लिब्राडात बासिलिओ नवरा होतो आणि पाब्लिनो नवरी, हे नवरीच्या तोंडावरच्या मच्छरदाणीमागून पाब्लिनोच्या मिशा पाहिलेल्या कुणालाही कळलं असतं.

न्यायाधीशबाईनं पाब्लिनोकडे जरा वेळ पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"तुमच्याशी झालेली सगळी लग्नं मी रद्दबातल धरते," ती म्हणाली.

"अकरा वर्षं झाली, बाईसाहेब," पाब्लिनो जरा दुखावल्यासारखा म्हणाला.

"आणि त्याच्या आधी? तेव्हाही तुम्हीच नवरी होता?"

"नाही. आधी एकदाच एलादिया होती. मी तिचा बाप होतो. बंदूक माझ्याकडे होती."

"आणि न्यायाधीश?"

"काराई सेवेरो," न्या ब्राउलिया कौतुकानं म्हणाल्या. "त्यांना सोंगाची काय हौस! दुसऱ्या कुणाला खुर्चीवर बसूच द्यायचे नाहीत."

पेन्सिल थांबली. "म्हणजे या गावचे खरे न्यायाधीश?"

न्यायाधीशबाई सावकाश बोलू लागली. लग्न लावणारा अधिकारी खरा. नवरा राजी, नवरी राजी. साक्षीला अख्खं गाव. यात लग्न नव्हतं असं काय होतं?

"नोंद नाही ना!" बासिलिओ म्हणाला.

"करायची राहून गेली असेल."

"काराई सेवेरो विसराळूच होते," न्या ब्राउलियांनी भर घातली.

"म्हणजे माझं लग्न झालंय?"

"तसं मी म्हणत नाही. झालेलं नाही, असं मला म्हणता येत नाही."

"पण बाईसाहेब, मला एलादियाशीच लग्न करायचंय!"

"लग्न झालेल्या माणसाला लग्न करता येत नाही, काराई इन्सफ्रान."

"त्याच बाईशी?"

"कोणत्याही बाईशी. त्याच बाईशी तर मुळीच नाही."

"बरं, मग लग्न झाल्याचा दाखला द्या. तोही चालेल!"

"तो कसा देणार? नोंद कुठाय?"

एलादियाशी लग्न झालेलं असल्यामुळे बासिलिओला एलादियाशी लग्न करता येणार नव्हतं, आणि झालेलं नसल्यामुळे तो तिचा नवराही नव्हता. हिशेब करण्यात त्याची हयात गेली होती, पण असा हिशेब त्याच्यापुढे कधी आला नव्हता.

एक वाट होती. लग्न थट्टेत झालं, मनात लग्नाचं नव्हतं, असं नवरा किंवा नवरी यांपैकी एकानं सांगितलं तर ते लग्न धरायचं कारण नव्हतं. "तुम्ही इथंच आहात," न्यायाधीशबाई म्हणाली. "शपथ घ्या आणि सांगा. एका वाक्याचं काम आहे."

बासिलिओनं घड्याळाकडे पाहिलं, आपल्याला पतपेढी उघडायचीय म्हणाला, आणि गुरुवारची वेळ मागून घेतली. आज पतपेढीला सुट्टी आहे हे तिघांनाही ठाऊक होतं.

मग गावानं सल्ला द्यायला सुरुवात केली. न्हाव्याचं म्हणणं पडलं की आधी घटस्फोट घ्यावा, तोही जत्रेतच, म्हणजे फिटंफाट होईल. पाद्रीबाबा म्हणाले की चर्चच्या दृष्टीनं प्रश्न नाही, कारण त्या दिवशी ते स्वतः सोंगातल्या बैलाच्या कातड्यात होते. न्या ब्राउलियांनी तर जेवताना चमचा खाली ठेवून तोड काढली.

"जबरदस्ती झाली म्हण. बंदूक रोखली होती तुझ्यावर."

"बंदूक लाकडाची होती."

"ते त्या न्यायाधीश पोरीला काय ठाऊक?"

"तुम्हीच सांगाल तिला. शपथेवर."

त्यावर न्या ब्राउलियांनी रस्सा दुसऱ्यांदा वाढला नाही.

संध्याकाळी पाब्लिनो दुकान बंद करून आला. दोघं अंगणात तेरेरे पीत बसले, आणि ते संपेपर्यंत पाब्लिनो काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे काळजीचं लक्षण होतं.

"थट्टा होती म्हणून टाक ना, कोंपादरे. सगळं गाव हसत होतं त्या दिवशी."

"सगळं?"

"तू सोडून," पाब्लिनो म्हणाला.

ते खरं होतं. त्या वर्षी नवरा व्हायचा होता शिंपी. पण त्याला निखाऱ्यांवरून चालायची घाई झाली, पाय भाजले, आणि ऐन वेळी कुणीतरी बासिलिओच्या डोक्यावर गवती टोपी घातली. काराई सेवेरोंनी विचारलं, हिला बायको म्हणून घेतोस? इथं नवऱ्यानं पळायचं असतं. बंदूक घेऊन पाब्लिनो तयार होता, पोरं वाट अडवायला तयार होती. बासिलिओ पळालाच नाही. उभ्याजागी "हो" म्हणाला, पतपेढीत सही ओळखताना म्हणायचा तसं स्पष्ट, आणि नेमक्या त्यालाच लोक सगळ्यात जास्त हसले. चिपाची अंगठी एलादियानं खाल्ली. पण बासिलिओनं खिशातून आणखी एक काढली, कोकोच्या करवंटीची, काळी, घासून गुळगुळीत केलेली, कितीतरी आठवडे हिंमत न झाल्यामुळे खिशातच राहिलेली. ती त्यानं तिच्या बोटात घातली. लोकांना वाटलं हेही सोंगातलंच. एलादिया हसत होती, पोटावरची उशी हलत होती. पुढच्या आठवड्यात ती स्पेनला गेली. पुढच्या सान हुआनला जत्रेच्या मंडळींनी शाळेतल्या बाईंना नवरी करायचं ठरवलं, तेव्हा बासिलिओ म्हणाला, बाई उभी राहणार असेल तर नवरा दुसरा शोधा. म्हणून पाब्लिनोला मच्छरदाणी पांघरावी लागली होती.

"ती हसत होती," बासिलिओ म्हणाला. "तिच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही."

"बारा वर्षांत?"

"फोनवर कसं विचारायचं?"

गुरुवारी न्यायाधीशबाईनं सगळ्यांना नव्यानं शपथ दिली. न्या ब्राउलियांना दिली, पाब्लिनोला दिली, आणि दाराशी बसलेल्या शिपायानं मध्येच काही बोलायला तोंड उघडलं तर त्यालाही दिली. मग बासिलिओला. तो निळा सूट घालून आला होता आणि त्यात उकडत होतं.

"त्या दिवशी तुमच्या मनात या बाईशी लग्न करायचं होतं का?"

एक "नाही" म्हणायचं होतं. तेवढ्यावर दाखला, शिक्के, विमान, नोव्हेंबर. बासिलिओनं तोंड उघडलं. आयुष्यात त्यानं खोट्या कागदावर सही केली नव्हती, कुणाच्या भिडेखातरसुद्धा नाही. पण आज आड आला तो रोखपाल नव्हता. आड आला तो गवती टोपीतला माणूस, आणि तो काही केल्या पळायला तयार होईना.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "दुसरं काहीतरी विचारा."

न्या ब्राउलिया पदरात तोंड घालावं तशा रुमालात तोंड घालून बसल्या. न्यायाधीशबाईनं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं, हसण्यासारखं काही घडलेलं नसताना.

"फोन आहे?" तिनं विचारलं. "नवरीला विचारू."

एलादिया फोनच्या पडद्यावर आली ती एप्रन घालून. मागून एक म्हातारी सुपासाठी ओरडत होती. न्यायाधीशबाईनं फोन पेन्सिलींच्या डब्याला टेकवून उभा केला, सगळा प्रकार थोडक्यात सांगितला आणि म्हणाली, "बोला, बाई. त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं?"

तेवढ्यात बासिलिओच्या ध्यानात आलं की न्यायाधीशबाईनं एलादियाला शपथ दिलीच नाही. ही तर उघड चूक होती. कामकाजात अशी चूक राहिली तर पुढे राजधानीत कागद परत येतो. "बाईसाहेब, एक मिनिट," असं म्हणत तो उठला, आणि पाब्लिनोनं त्याच्या पायावर आपला पाय दिला. सगळं वजन घालून दिला. बासिलिओ पुन्हा बसला.

"तो काय म्हणाला?" एलादियानं विचारलं.

"ते काहीच म्हणत नाहीत."

एलादियानं पडद्यातून बासिलिओकडे पाहिलं. निळा सूट पाहिला, कळवळलेला चेहरा पाहिला. मग तिनं हात एप्रनच्या खिशात घातले.

"थट्टा होती, बाईसाहेब," ती म्हणाली. "सान हुआनची थट्टा. अंगठी तर मी तिथंच खाऊन टाकली."

"पुरे," न्यायाधीशबाई म्हणाली, आणि लिहायला लागली.

दाखला हातात पडला. पाब्लिनोनं त्याला मिठी मारली, न्या ब्राउलिया रडल्या, शिपायानं उगाचच टाळ्या वाजवल्या. बासिलिओ सगळ्यांना धन्यवाद देत होता आणि लंगडत होता. बारा वर्षं त्यानं जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर आता त्याच्या हातात होतं, सहीशिक्क्यानिशी. आपल्याला वाईट वाटतंय हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण सगळं त्याच्या मनासारखं झालं होतं.

आसुन्सिओनला त्यानं उरलेली कामं न बोलता उरकली. कोर्टाच्या झेरॉक्सवाल्यानं नीट प्रत निघावी म्हणून स्टेपलरची पिन काढली, आणि खिडकीवरच्या माणसानं पिनेची भोकं पाहून विचारलं की मधलं पान बदललेलं नाही कशावरून. एरवी बासिलिओनं त्याला नियम ऐकवला असता. तो नुसता म्हणाला, "बदललेलं असतं तर बरं झालं असतं." त्या माणसानं चमकून पाहिलं आणि शिक्का मारून दिला. परराष्ट्र खात्यात अपोस्टिल चिकटवणारी मुलगी म्हणाली, "अभिनंदन, काराई! आता जगात कुठंही तुम्ही अविवाहित."

बाहेर चौकात लापाचोची झाडं गुलाबी फुलली होती. तो एका बाकावर बसला आणि एलादियाला फोन लावला.

"मिळाला," तो म्हणाला. "आपल्यात कधी काही नव्हतं, असं आता तीन तीन कचेऱ्या म्हणतात."

"रागावलास?"

"छे. कागद हवा होता, कागद मिळाला."

"चष्मा लाव," एलादिया म्हणाली.

त्यानं चष्मा लावला. पडद्यावर तिचा हात आला, भांडी घासून ओला. बोटात काळी अंगठी होती. धुण्याभांड्यांनी, औषधांनी, परक्या म्हाताऱ्यांच्या उठबशीनं झिजून तारेएवढी झालेली, एका बाजूला चिरलेली आणि तिथं बारीक चांदीच्या पट्टीनं सांधलेली.

बासिलिओ बघत राहिला. त्याला दोनदा चष्मा पुसावा लागला.

"तू तर अंगठी खाल्ली म्हणालीस," तो म्हणाला.

"खाल्ली ती चिपा. वेडा कुठला."

"म्हणजे तू न्यायाधीशांना खोटं सांगितलंस! कोर्टात!"

"मला शपथ कुणी दिली होती?"

बासिलिओला ती टोकदार पेन्सिल आठवली, शिपायालासुद्धा शपथ देणारी ती बाई आठवली, आणि पाब्लिनोचा पाय तर आठवावा लागलाच नाही, अंगठा अजून निळा होता. त्यानं मांडीवरच्या दाखल्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात धडधडीत खोटा कागद होता, आणि तो त्यानं दुमडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला होता.

मागून म्हातारी सुपासाठी ओरडली. एलादियानं तिला थांबायला सांगितलं.

"आता तू सांग," ती म्हणाली. "एवढी सोपी गोष्ट. थट्टा होती एवढंच म्हणायचं होतं. विमान समोर दिसत होतं. का नाही म्हणालास?"

"कसा म्हणणार?" बासिलिओ म्हणाला. "मला शपथ दिली होती ना."